सेलूच्या मंचावर मी न वाचलेली ओळ

"अरे, मार्क कुणालाही पडतात. डॉक्टरकी घरात असावी लागते."

हे डॉक्टरसाहेब माझ्या वडिलांना म्हणाले. मी शेजारीच उभी होते. पप्पाही उभे होते. केबिनमध्ये तीन खुर्च्या रिकाम्या होत्या. पप्पा त्या दवाखान्यात सत्तावीस वर्षांपासून कंपाउंडर आहेत, पण त्या खुर्च्यांवर बसलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. साहेब त्यांच्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी लहान. दवाखाना साहेबांचे वडील चालवायचे आणि साहेब शिकायला बाहेरगावी होते, तेव्हा पप्पा त्यांचा डबा परभणी स्टेशनवर नेऊन गाडीत द्यायचे. तरी 'अरे'. तरी 'तू'.

डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेचा, नीटचा, निकाल लागला होता. पप्पांनी पेढे आणले होते. साहेबांनी खोका उघडला, एकही पेढा न घेता बंद केला आणि म्हणाले, वॉर्डात वाटून टाक. मग माझ्याकडं वळून इंग्रजीत विचारलं, नर्सिंगला जाणार का. मी इंग्रजीतच सांगितलं, नाही, एमबीबीएस. साहेब हसले. पप्पांना म्हणाले, "ही तर तुझ्यापेक्षा शुद्ध बोलते."

पप्पाही हसले. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

साहेबांची मुलगी माझ्याच वर्गात होती. इंग्रजी शाळेत मला प्रवेश मिळाला तो साहेबांच्या चिठ्ठीवर. घरात याची रोज कुणीतरी आठवण करून द्यायचं. त्या शाळेत मला इंग्रजी आलं, आणि गप्प बसणंही आलं. निकालात तिला माझ्यापेक्षा कमी गुण होते. पण तिची जागा खासगी कॉलेजात निकालाआधीच ठरली होती. माझे गुण सरकारी यादीच्या जवळ जाऊन थांबले. शेवटची फेरी संपली आणि मी यादीच्या बाहेर राहिले.

त्यानंतर आठवड्याभरात साहेबांनी पप्पांना बोलावलं. पोरीचं नशीब उघडलं म्हणाले. त्यांच्या ओळखीचे एक सर होते, मुलांना परदेशात डॉक्टरकीला पाठवायचे. समुद्रातलं एक बेट. कॉलेज इंग्रजीत. पुस्तिकेवर निळं पाणी आणि पांढऱ्या कोटातली हसरी मुलं. त्यांच्या ऑफिसात सरांनी मला बेटा म्हटलं, पप्पांना दादा म्हटलं, बसायला खुर्ची दिली. पप्पा खुर्चीच्या कडेला बसले.

फीमध्ये सवलत मिळणार होती. त्याला एक अट होती. सेलूला पालकांचं मार्गदर्शन शिबिर होतं. तिथं मी दोन मिनिटं बोलायचं. आपल्या भागातली मुलगी, साध्या घरातली, इंग्रजी फाडफाड बोलणारी. पालकांना असं कुणीतरी दिसावं लागतं.

घरी आईनं विचारलं, तिथून आल्यावर इथं दवाखाना टाकता येतो का. पप्पा म्हणाले, "साहेब म्हणायलेत ना. मग हाय ते बराबर."

पण मला दवाखान्यातली ताई माहीत होती.

ताई राणीसावरगावची. शेतकऱ्याची मुलगी. याच सरांनी पाठवलेल्या पहिल्या मुलांमधली, त्याच बेटावरून सहा वर्षांनी परत आलेली. परदेशातून शिकून आलेल्यांना इथं परवान्याची परीक्षा द्यावी लागते. ती परीक्षा ताई पास झालेली नव्हती. म्हणून ती साहेबांच्या दवाखान्यात मदतनीस होती. सलाईन बघायची, केसपेपर लिहायची, नातेवाईकांच्या शिव्या खायची. साहेब तिला नावानं हाक मारत नसत. "ए फॉरेन, तीन नंबरचं बीपी घे." मग वॉर्डबॉयही म्हणायचे. फॉरेनमॅडम. पेशंटही.

तिच्या अ‍ॅप्रनच्या खिशावर निळ्या धाग्यानं नाव भरलेलं होतं. नावाआधीचं 'डॉ.' उसवलेलं. धागा निघाला होता, सुईची भोकं राहिली होती. साहेबांनी उसवायला लावलं, असं पप्पांनी सांगितलं. आणि त्यात त्यांचं चुकलं नाही, असंही सांगितलं. परवाना नाही तर डॉक्टर कसं लिहिणार? बरोबरच होतं ते. मला त्या भोकांकडं बघवत नसे.

शिबिराच्या चार दिवस आधी मी पप्पांचा डबा घेऊन दवाखान्यात गेले. ताई औषधांच्या खोलीत एकटी होती. मी पुस्तिका तिच्यासमोर ठेवली. तिनं ती उघडली नाही. तिला पानं पाठ होती.

तिनं हळू आवाजात सगळं सांगितलं. कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल नाही. पहिली वर्षं बेटावर पुस्तकं आणि रबरी पुतळे. शेवटची वर्षं दुसऱ्या देशात, जिथं जागा मिळेल तिथं, भिंतीला टेकून बघत उभं राहायचं. म्हणाली, "बाळंतपण मी पयल्यांदा इथं बघितलं. परभणीत. डिग्री घेऊन आल्यावर." परीक्षेला तीनदा बसली होती. तीनदा थोडक्यात राहिली होती.

मग म्हणाली, "तू त्यांना एकच विचार. तिथं शिकलेल्याला त्या बेटावर तरी डॉक्टर म्हनून बसू देतेत का? जी डिग्री तिथंच चालत न्हाई, ती हितं कशी चालंल? मी इचारलंच न्हाई. आमच्यात कुनीच न्हाई इचारलं."

मी निघाले तेव्हा तिनं माझा हात धरला.

"माझं कुटं सांगू नकू. घरी माहीत न्हाई. त्यान्ला वाटतंय मी हितं डॉक्टरच हाय."

मी सांगणार नाही म्हणाले.

शिबिर सेलूच्या एका मंगल कार्यालयात होतं. सकाळची वेळ. खुर्च्यांना पांढरी कापडं. कापसाचे व्यापारी, मास्तर, ग्रामसेवक, कडक इस्त्रीतले शेतकरी, आणि प्रत्येकाच्या शेजारी माझ्यासारखं एक मूल. मुलं बोलत नव्हती. दाराजवळच्या टेबलावर नावनोंदणी होती. तिथं ताई बसली होती. साहेबांनी तिला वही घेऊन पाठवलं होतं. परदेशातून शिकून आलेली, असं कुणाला सांगितलेलं नव्हतं. फक्त नावं लिहायला.

पप्पांना मंचावर बसवलं. फेटा बांधला. साहेबांच्या शेजारची खुर्ची दिली. साहेब माइकवर म्हणाले, "हा माझा कंपाउंडर. आज मी त्याला माझ्या शेजारी बसवलंय. एवढं हे क्षेत्र मोठं आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. पप्पांनी हात जोडले. सत्तावीस वर्षांत साहेबांनी दिलेली पहिली खुर्ची, आणि तीसुद्धा माइकवरून मोजून दाखवलेली. पप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं. आनंदाचं.

मला सरांनी कागद दिला होता. टाइप केलेला. मला माणसांसमोर बोलता येत नाही. शाळेतही मी शेवटच्या बाकावरची. म्हणून कागद होता ते बरंच वाटलं होतं. पहिल्या तीन ओळी मी वाचल्या. माझं गाव पिंगळी. वडील कंपाउंडर. डॉक्टर होण्याचं माझं स्वप्न. चौथी ओळ अशी होती: मी या महाविद्यालयाची संपूर्ण चौकशी केली आहे आणि पालकांनी निश्चिंत राहावं.

मी थांबले.

सरांनी खालून मान हलवली, वाच म्हणून. मी कागद उलटा केला.

"मी चौकशी केलेली नाही."

मी सरांकडं बघून विचारलं, "तिथं शिकलेल्याला त्या देशात डॉक्टर म्हणून काम करता येतं का?"

सर हसत माइकपाशी आले. "बेटा, तुला कुठं तिथं राहायचंय?"

सगळे हसले. पालक हसले. साहेब हसले. पप्पाही हसले, तसेच, केबिनमधल्यासारखे. ते हसणं मला सहन झालं नाही. तिथं मी थांबायला हवं होतं. प्रश्न विचारून झाला होता, उत्तर मिळालं नव्हतं, ज्याला कळायचं त्याला कळलं असतं. पण मला त्यांचं हसणं बंद करायचं होतं. आणि माझ्या हातात दुसऱ्या कुणाचं तरी दुःख होतं.

मी म्हणाले, "एक मुलगी तिथून शिकून आली आहे. आपल्याच जिल्ह्यातली. तीन वेळा परीक्षा दिली. आज ती याच डॉक्टरांकडं सलाईन लावते. तिच्या घरच्यांना हे माहीतही नाही."

नाव घेतलं नाही. गरज नव्हती. साहेबांची नजर दाराकडं गेली. मग दवाखान्याच्या माणसांची. मग सगळ्यांची. ताई खाली मान घालून वहीत लिहीत होती. समोर नाव सांगणारं कुणी नव्हतं. तरी ती लिहीत होती. मग तिनं पेनाला टोपण लावलं, वही मिटली आणि उठून बाहेर गेली.

साहेब म्हणाले, "कंपाउंडर, पोरीला खाली घे."

पप्पा उठले. त्यांनी माझं कोपर धरलं. "बस कर, माय." एवढंच. आम्ही रेल्वेनं पिंगळीला आलो. फेटा त्यांच्या डोक्यावर तसाच होता. डब्यातली माणसं विचारत होती, कुणाचं लगीन हाय?

शिबिरात राणीसावरगावकडचा एक मास्तर आलेला होता. बातमी दोन दिवसांत ताईच्या घरी पोचली. ताई दवाखान्यात यायची बंद झाली. मी फोन करत राहिले. पाचव्या दिवशी तिनं उचलला. मी माफी मागितली. मागं कुणीतरी बाई रडत होती.

"तू खरं बोललीस," ताई म्हणाली. "पन माजं बोललीस. तुजं बोलायचं व्हतं."

त्यानंतर तिचा नंबर लागत नाही. ती कुठं आहे, पुन्हा परीक्षेला बसली का, मला माहीत नाही. मी पुस्तक उघडते आणि मला तिची खाली घातलेली मान दिसते. रिकाम्या टेबलावर चाललेलं पेन दिसतं. साहेबांनी तिचं डॉक्टरपण उसवलं होतं. तिच्या घरात ते शाबूत होतं. तिथलं मी उसवलं. ज्या अपमानाची मला चीड होती, तोच मी एका माणसाला भर सभेत दिला. मी खरं बोलत होते यानं तो कमी होत नाही.

साहेबांनी पप्पांना काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं. ते रोज विचारतात, "फॉरेन कशी आहे?" आता ते नाव माझं आहे. पप्पा घरी येऊन सांगत नाहीत. मला वॉर्डबॉयकडून कळलं. मागच्या महिन्यात पप्पा म्हणाले, सर अजून तयार आहेत. सवलतही तशीच ठेवतो म्हणाले. फक्त साहेबांची माफी मागायची आणि प्रवेशाच्या कागदावर सही करायची. "काय फिकीर करू नकू. मी मागतो तुज्या वतीनं, तू निस्ती उभी राहा."

मी दोन दिवस विचार केला. खरंच केला. मला डॉक्टर व्हायचं आहे, हे बदललेलं नाही. नाही गेले तर आणखी एक वर्ष परीक्षेचं, आणि आईकडं स्थळांचे फोन सुरू झाले आहेत. पुन्हा यादीबाहेर राहिले तर काय, याचं उत्तर माझ्याकडं नाही. गेले तर सहा वर्षांनी मी पंचविशीची असेन, घरात विकण्यासारखं काही उरलेलं नसेल, आणि एक परीक्षा समोर असेल, जिच्यासाठी तिथं मला कुणी तयार केलेलं नसेल. सगळ्याच मुलांचं तसं होत नाही. काही पास होतात, मोठे होतात. परदेशात शिकणं वाईट असं मी म्हणत नाही. पण ज्या कॉलेजच्या माणसाला एका प्रश्नावर हसू येतं, तिथं मी जाणार नाही. या महिन्यात मी त्या कॉलेजला स्वतः ईमेलनं इंग्रजीत पत्र लिहिलं, तोच प्रश्न विचारला. तीन पत्रं. उत्तरात तिन्ही वेळा पुस्तिका आली.

मी पप्पांना सांगितलं, माफी मागणार नाही. तुम्हीही मागायची नाही. माझ्या नावानं तर नाहीच. पप्पा म्हणाले, "लय बदललीस तू." त्यांच्या आवाजात कौतुक नव्हतं. मला ते नकोही आहे.

सरांचं पुढचं शिबिर गंगाखेडला आहे, येत्या रविवारी. मी जाणार आहे. पालकांच्या रांगेत बसणार. हात वर करणार. मला किती गुण पडले, मी कुठं कमी पडले, मला कोणता कागद वाचायला दिला होता आणि त्याच्या बदल्यात काय मिळणार होतं, हे सांगणार. दुसऱ्या कुणाचं काहीही नाही. मग तो प्रश्न पुन्हा विचारणार. ते हसतील. हसणं थांबेपर्यंत मी उभी राहीन.