विहीणबाईंच्या मागून पोहणार नाही

मुलीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, झालं आणि मी एका दिवसात ‘मुलीची आई’ झाले. आई तर मी आधीपासून होतेच, पण हा हुद्दा वेगळा. या हुद्द्यावरच्या बाईनं अर्धं पाऊल मागं राहायचं असतं. कळंबच्या गणपतीला दोन्ही घरं मिळून गेलो, तेव्हा गाभाऱ्यात आधी विहीणबाई. बाहेर उसाच्या रसाचा पहिला ग्लास विहीणबाईंना. गाडीत पुढची सीट त्यांची, एसीचा झोतही त्यांचा, आणि मी मागं दोन नातेवाइकांच्या मध्ये चेपून, मांडीवर नारळांची पिशवी घेऊन.

खोटं कशाला बोलू, मला मजा येत होती. नाटकाची हौस मला लहानपणापासूनच. “अगंबाई, आधी तुम्ही!” हे एकच वाक्य मी इतक्या तऱ्हांनी म्हणत असे की एकदा घरी आल्यावर आमचे हे म्हणाले, “अवो, थोडं कमी कर. त्यायले वाटन तू चिडवून राह्यली.”

मी चिडवतच होते. पण ते सगळं जमिनीवर.

पाण्याचं प्रकरण वेगळं आहे. आर्णीजवळच्या आमच्या गावी मी विहिरीत पोहायला शिकले. बाबांनी पाठीला सुका भोपळा बांधला आणि काठावरून ढकलून दिलं, एवढंच काय ते प्रशिक्षण. पुढं मी भावांपेक्षा जोरात मुटका मारायला लागले. काठावर बसलेली चुलती भिजून शिव्या द्यायची आणि मी वर येऊन पुन्हा उडी मारायची. मग अंगावर ओढणी आली आणि विहीर बंद झाली. भाऊ पोहत राहिले, मी काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसले. त्यानंतर लग्न, यवतमाळ, नोकरी, मूल. कितीतरी वर्षं मी पाणी फक्त बादलीत पाहिलं, आणि यवतमाळच्या उन्हाळ्यात तेही रोज नाही.

म्हणून इथल्या स्विमिंग टँकवर सकाळी बायकांची वेगळी बॅच सुरू झाली, तेव्हा पहिल्याच दिवशी मी फाटकाशी उभी होते. पाण्यात पडले आणि हातपाय आपोआप चालायला लागले. पन्नाशीच्या बाईला इतकं काही परत मिळत नाही. तेव्हाच ठरवलं, हे आता कोणालाही देणार नाही.

टँकमध्ये दोरी बांधून एकच लेन फेऱ्या मारणाऱ्यांसाठी राखलेली असते. बाकीचा सगळा टँक शिकणाऱ्यांचा, म्हणजे कडेची दांडी धरून पाय हापटत सुनांविषयी बोलणाऱ्यांचा. गळ्यात शिटी अडकवलेली एक तरुण मॅडम आम्हा सगळ्यांवर लक्ष ठेवते. लेनचे नियम तिनं सुरुवातीलाच समजावून सांगितले. जाताना-येताना आपली डावी बाजू धरायची, म्हणजे समोरून येणारीशी टक्कर होत नाही. जिचा वेग जास्त तिनं पुढं निघायचं. मागून कोणी जोरात येत असेल, तर भिंतीशी पोचल्यावर कोपऱ्यात सरकून तिला वाट द्यायची. भिंतीच्या मधोमध उभं राहून गप्पा मारायच्या नाहीत.

दुचाकीवरून उलट्या बाजूनं टँकवर आलेल्या आम्ही सगळ्यांनी गंभीरपणे माना डोलावल्या.

मला तर ते नियम फारच आवडले. त्यांत कुठंच वय नव्हतं, नवऱ्याचा हुद्दा नव्हता, सासर-माहेर नव्हतं. जी जोरात पोहते ती पुढं. असा कायदा मी उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता.

आणि साक्षगंधाच्या जेवणात कोणीतरी विहीणबाईंना सांगितलं की मी पोहायला जाते.

“खरंच की काय?” त्या म्हणाल्या. “मग मीही येते. डॉक्टर केव्हाचे म्हणून राह्यले, गुडघ्याले चांगलं. सोबत होऊन जाईन आपली.”

विहीणबाई निवृत्त शिक्षिका. गावातली निम्मी पोरं त्यांच्यासमोर पाढे म्हणून मोठी झाली, आणि त्यांत ती शिटीवाली मॅडमही होती. त्यामुळं विहीणबाई पाण्यात उतरल्या आणि शिटी मुकी झाली. त्या पोहायच्या बेडकासारखे हातपाय मारत, मान पाण्याच्या वर ताठ ठेवून, मागच्या बाकावर कोणी डबा तर खात नाही ना हे पाहत असल्यासारख्या. हातपाय हळू, तोंड मात्र जोरात. दोरीपलीकडं दांडी धरलेल्या बायकांशी त्यांचं बोलणं एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अखंड चाले.

पहिल्या दिवशी लेनच्या तोंडाशी उभ्या राहून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. आणि मी, सवयीनं, हात पुढं करून, मान तिरकी करून म्हणाले, “अगंबाई, आधी तुम्ही!”

झालं. माझ्याच नाटकानं माझा उन्हाळा गिळला. त्या रोज पुढं आणि मी रोज मागं, नाक त्यांच्या टाचांशी. विहीणबाईंनी नखांना नवा रंग लावला की त्यांच्या घरातल्यांच्या आधी मला कळे. विहिरीत मुटके मारणारी मी पाण्यात जवळजवळ उभी राहून हात हलवत असे. भिंतीशी तरी त्या वाट देतील म्हणावं, तर त्या भिंतीच्या मधोमध उभ्या राहून गोष्ट पूर्ण करायच्या, आणि मी तिथं पोचले रे पोचले की “चला बाई” म्हणून पुढं निघायच्या.

मॅडमनं मला बाजूला घेतलं. “काकू, आगे जाना हो तो सामनेवाली के पाय को हलका सा टच करायचं. सगळीकडं असंच करतात.”

“अगं बाई,” मी म्हटलं, “मी मुलीची आई. भर टँकवर विहिणीच्या पायाला हात लावला, तर दुपारच्या आत आर्णीत फोन जाईन. नाही लावणार मी.”

“मग तुम्ही टाइम बदला.”

“मी काहून बदलू? त्यांना सांग ना सरकायला.”

“मी?” मॅडमनं शिटी मुठीत लपवली. “काकू, त्यांनी मले चौथीत ओणवं उभं केलतं.”

माझा पोहण्यातला उरलेला जोर मी घरी काढायला लागले. कुकरवर, मिक्सरवर, नळावर, ह्यांच्यावर. एका सकाळी मी पोळ्या लाटताना लाटणं इतकं आपटत होते, की ह्यांनी पेपर खाली ठेवला.

“लग्न होऊन जाऊ दे,” हे म्हणाले. “मग पोह ना बाप्पा पाह्यजे तितकं. दोन महिने हळू पोहलं तर मरते का माणूस?”

“मरत नाही. पण पोहल्यासारखंही वाटत नाही.”

मुलगी ओट्याशी भेंडी चिरत होती. “बाबा, तिले पोहू द्या. तिथं हळू पोहते अन् घरी येऊन आपल्यावर सुसाट सुटते.” मग सुरी थांबवून तिनं माझ्याकडं पाहिलं. “पण आई, एक सांग. तू समोर गेली तर त्या काय करतीन? लग्न मोडतीन?”

ह्यांनी पेपर पुन्हा तोंडापुढं धरला. मलाही ते खरंच माहीत नव्हतं. आमच्याकडं लग्नं याहून लहान गोष्टींवरून अडलेली आहेत. वरमायांच्या पंगतीत मठ्ठा उशिरा आला म्हणून रात्रभर खोलीचं दार न उघडलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

“मोडत असन तर आताच मोडू दे,” मुलगी म्हणाली आणि पुन्हा भेंडी चिरायला लागली. “त्या घरात जन्म मले काढाचा आहे. तू मागं मागं पोहली तर मलेही तशीच समजतीन.”

दुसऱ्या दिवशी मी पाण्यात उतरले तेव्हा विहीणबाई निघून लेनच्या मध्यापर्यंत पोचल्या होत्या. दोरीपलीकडच्या बायकांना त्या दागिन्यांचं काही सांगत होत्या. मी श्वास घेतला, डोकं पाण्यात घातलं आणि भिंतीला लाथ मारून सुटले. समोरून येणारी कोणी नाही हे आधी पाहून ठेवलं होतं. त्यांच्या टाचा दिसल्या तशी उजवीकडून बाहेर निघाले आणि त्यांच्या बाजूनं विहिरीतल्यासारखे हात हाणत पुढं गेले. ‘नथ’ या शब्दावर त्यांचं तोंड उघडं होतं. माझ्या हाताचं पाणी नेमकं तिथं गेलं.

भिंतीशी पोचून वळून पाहिलं, तर दांडीवरचे सगळे पाय थांबलेले. विहीणबाई खोकत खोकत दोरी धरून उभ्या होत्या.

“अहो,” आवाज परत आल्यावर त्या म्हणाल्या, “मुलीची आई आहात तुम्ही!”

“ते मांडवात, विहीणबाई. मांडवात तुम्ही म्हणाल ते. ही लेन आहे.”

“लेन आहे म्हणून काय माणसं पाहाची नाहीत?”

“माणूस पाहिलं म्हणून तर बाजूनं गेले. नाहीतर वरून गेले असते.”

कोणीतरी फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. विहीणबाई बाहेर निघाल्या, टॉवेल खांद्यावर टाकला आणि ओल्या पावलांनी कपडे बदलायच्या खोलीकडं गेल्या. मी मात्र माझ्या फेऱ्या पूर्ण केल्या. त्या दिवशी अर्ध्यावर बाहेर निघाले असते तर ती माफी झाली असती.

संध्याकाळी व्याह्यांचा फोन आला. ह्यांनी तो उभं राहून घेतला. मांडवात कूलर किती लागतील यावर बोलणं झालं, आचाऱ्यावर झालं. मग व्याह्यांनी आवाज उतरवला, पण स्पीकर चालू होता. “काय हो, आमच्याकडं सकाळपासून लय शांतता आहे. टँकवर काही झालं काय?”

“नाही बा,” हे म्हणाले. “काहीच नाही.”

“झालं म्हणा!” मी स्वयंपाकघरातून ओरडले. “मी समोर गेले म्हणा!”

मग व्याही म्हणाले, “अस्सं,” आणि पुन्हा कूलरकडं वळले. त्यांच्या आवाजात मला थोडा आनंद ऐकू आला. ह्यांचं म्हणणं, तो माझा भास.

रात्रभर मुलीला झोप लागली आणि मला लागली नाही. सकाळी जाऊ की नको, असा विचार चहाच्या कपापर्यंत टिकला. मग निघाले.

विहीणबाई आधीच पाण्यात होत्या. माझ्याकडं न पाहता निघाल्या. मी मागून निघाले, माझ्या वेगानं. पलीकडच्या भिंतीशी त्या पोचल्या आणि वळल्या नाहीत. कोपऱ्यात सरकल्या, पाठ माझ्याकडं करून टोपी नीट करत राहिल्या. मी वळले आणि पुढं गेले. पुढच्या वेळी त्यांच्या चष्म्यात पाणी गेलं. त्याच्या पुढच्या वेळी पायात गोळा आला, पण चेहऱ्यावर गोळ्याचा मागमूस नव्हता. दरवेळी नवं कारण आणि दरवेळी कोपरा. वाट दिली असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत, मीही आभार मानले नाहीत. मॅडम तर शिटी हातात घेऊन छताकडं पाहत होती.

मांडव उभा राहीपर्यंत हे रोज असंच चाललं. लग्नाचे कपडे, ताटं, मानपान, सगळं ठरत गेलं, त्यात मी अर्धं पाऊल मागं होते आणि तोंडभर “आधी तुम्ही” म्हणत होते. मोडलं काहीच नाही.

हळदीच्या आदल्या दिवशी मात्र मला एकदम भरून आलं. उद्यापासून पाहुणे, टँक बंद. म्हटलं, आजचा दिवस राहू द्यावा बाईंचा मान. भिंतीशी त्या नेहमीसारख्या कोपऱ्यात गेल्या, आणि मी पुढं न जाता त्यांच्या मागं थांबले. हात पुढं केला. नाटक न करता म्हणाले, “तुम्ही व्हा आज समोर.”

विहीणबाई गर्रकन वळल्या.

“काहून? दम लागला?”

“तसं नाही, उद्या हळद…”

“मग व्हा ना समोर! मागून कोणी पाणी हापटत आलं की माह्या गोष्टीचा धागा तुटते. या बायकांना आहेराचं सांगून राह्यली मी. जा!”

मी गेले.