अक्काचा ‘घे’

नवा माणूस कामाला आला की अक्का आधी त्याला आपली चूक दाखवायची. चहा नंतर. मलाही पहिल्याच दिवशी खुर्ची ओढून बसवलं आणि म्हणाली, "ही माझी लाज. बघून ठेव, म्हंजे पुढं दुसऱ्यानं सांगाय नको."

रामनगरच्या आमच्या लहानशा ऑफिसात अक्का सगळ्यांत जुनी. एका यंत्राला दुसऱ्याशी नेटवर्कवरून बोलायचं असेल, तर प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला जे तयार हुकूम लागतात, ते तिनं तरुणपणी लिहिले होते. नावंही मराठीच: ‘जोड’, ‘दे’, ‘घे’. घोळ होता तो ‘घे’मध्ये. पलीकडचा नुसता गप्प असला तरी उत्तर शून्य, आणि जोडणी तोडून निघून गेला तरी शून्यच. आता गप्प आहे की गेला, हे कळायचं कसं, सांगा!

चूक ध्यानात येईतो ‘घे’ ठिकठिकाणी वापरात गेला होता, आणि लोकांनी त्या शून्याशी जमवूनही घेतलं होतं. बदलावं तर त्यांचं चालतं काम मोडणार. म्हणून तिनं शेजारी ‘नीटघे’ असा नवा हुकूम केला. पण नवशिके हटकून ‘घे’च उचलायचे, छोटं, सोपं नाव ना! अक्का कपाळावर हात मारून घ्यायची. "चांगलं नाव चुकीला देऊन बसले रे," म्हणायची. कुणी ‘घे’ला हसलं की ती उगाच टेबल आवरायला लागायची, आणि मलाच मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

निवृत्तीला थोडे दिवस उरले, तेव्हा मालक आपणहून म्हणाले, जाता जाता तो ‘घे’ दुरुस्त करून टाका, जुनी गिऱ्हाईकं आता उरलीत कुठं? अक्का इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती. संध्याकाळपर्यंत तिनं बदल लिहूनही काढला. तुटलेल्या जोडणीला आता वेगळं उत्तर मिळणार होतं.

जुन्या ‘घे’च्या भरवशावर चालणारी यंत्राची पेटी एकच उरली होती, कुंभारवाड्याच्या बसथांब्यावरच्या दुकानात. बस आगारातून निघाली की ही पेटी दुकानाबाहेरचा दिवा लावायची. आमचे हुकूम तिच्यात आपोआप नवे व्हायचे, पण तिचा स्वतःचा प्रोग्रॅम बदलणारं कुणी राहिलं नव्हतं. बस सुटल्याचा निरोप देऊन आगाराचं यंत्र जोडणी तोडायचं; तिथं शून्याऐवजी नवं उत्तर आलं की बिघाड समजून पेटी दिवा लावणारच नाही, हे अक्काला ठाऊक होतं. एकच तर आहे, असं तीच मला म्हणाली होती. तरी बदल पाठवायच्या आदल्या दिवशी मला घेऊन ती तिथं गेली.

थांब्यावर एक म्हातारी गुडघे चोळत बसली होती. दवाखान्याला निघालेली. या दिव्याचा काही उपयोग होतो का, अक्कानं विचारलं.

"व्हय की," म्हातारी म्हणाली. "माझ्या अंगणातनं दिसतोय त्यो. लागल्याबिगर मी घर सोडत न्हाई. इथं वाट बघत बसाय आता होत न्हाई, बाई."

परतीच्या बसमध्ये अक्का खिडकीकडे तोंड करून बसली. तशीच म्हणाली, "माझी लाज झाकाय त्या बाईचा दिवा काढाय निघाले होते मी. आधीची लाज कायच न्हवती रे."

दुसऱ्या दिवशी तिनं बदल पुसून टाकला. मालकांना एवढंच सांगितलं, की जमलं नाही मला. निरोपसमारंभात मालकांनी तेच हसत हसत सगळ्यांना ऐकवलं: एक ‘घे’ काही अक्काला शेवटपर्यंत नीट करता आला नाही. सगळे हसले. मी बोलायला उठलो, तर अक्कानं मनगट धरून मला खाली बसवलं, आणि भाषणं संपेपर्यंत सोडलं नाही.