सिल्वेरासाहेबाचा दुभाषा

मोंबासाहून परतलेल्या बाबलीने मालवणच्या बाजारात आफ्रिका इतकी वाटली, की तिथले सिंहसुद्धा लोकांना शेजारपाजारचे वाटू लागले. एक गोष्ट मात्र त्याने फक्त बायकोला, सत्यवतीला सांगितली होती. तीही तापात.

बाबली मूळचा आचारी. वास्कोला एका पोर्तुगीज अंमलदाराच्या स्वयंपाकघरात राहून ती भाषा बोलायला शिकला. पुढे बोटीने मोंबासाला उतरला नि तिथली स्वाहिलीही उचलली. सत्तावन्न साली तिथल्या बंदरावरच्या एका फुटबॉल क्लबाने लिस्बनहून सिल्वेरा नावाचा प्रशिक्षक आणवला. साहेबाला पोर्तुगीजशिवाय काही येईना, खेळाडूंना पोर्तुगीज कळेना. झालं! पळी खाली ठेवून बाबली मैदानावर. साहेब बोलणार, बाबली सांगणार.

आता बाबली पडला मालवणचा. दुसऱ्याचा निरोप तिखटमीठ न लावता पोचवला तर त्याला जेवण कसं जावं? साहेब म्हणायचा, "धावा." बाबली सांगायचा, "धावा, नाहीतर तुमच्या बायका हसतील." खेळाडू धावायचे, साहेब खूश. दोन वर्षांत क्लब अंतिम सामन्यात!

मध्यंतराला ते एका गोलाने पुढे होते. साहेब शांतपणे म्हणाला, "आता सगळ्यांनी मागे राहा. फक्त राखायचं." बाबलीला हे काही पटेना. रापणीचं जाळं मासळीने जड झालं की किनाऱ्यावर सगळे मिळून दोर ओढतात. तेव्हा कुणी मागे राहतं? त्याने ठोकून दिलं, "साहेब म्हणतो, सगळे पुढे! ओढा!"

सगळे पुढे गेले, मागचं मैदान उघडं पडलं आणि तीन गोल बसले. साहेब कडेला ओरडत होता. ते ओरडणं समजणारा एकटा बाबली बुटांच्या पेटीआड बसून राहिला.

आठवड्याभरात क्लबाने साहेबाला काढलं. जाताना साहेबाने कप्तानाशी हातसुद्धा मिळवला नाही. त्यानेच आपलं ऐकलं नाही, अशी त्याची समजूत. बाबलीला मात्र मिठी मारून म्हणाला, "माझं ऐकणारा तू एकटा." बाबलीने मान खाली घातली. साहेबाला वाटलं, रडतोय.

त्रेसष्ट साली मालवणात साहेबाचं पत्र आलं. बाजारातल्या गोव्याच्या मिंगेल पाववाल्याने ते वाचून दाखवलं. साहेब आता आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर होता, चौथ्या क्लबात. 'इथेही कुणी ऐकत नाही. तू ये. माझे शब्द जसेच्या तसे पोचवणारा माणूस पुन्हा मिळाला नाही.'

"बाबल्या, नशीब काढलंस रे!" मिंगेल म्हणाला.

घरी सत्यवतीने एका वाक्यात निकाल दिला. "खरां काय तां लिवन टाका."

"मिंगेलाक सांगान? सांजेपर्यंत सगळां कट्टा गावच्या बाजारात होतलां!"

"मोंबाशाक सगळ्यांदेखत खोटां सांगलात, तेव्हा लाज खंय गेली होती?"

बाबली गप्प बसला. असा गप्प, की वर्ष उलटलं.

अखेर चौसष्टच्या मे महिन्यात तो मिंगेलच्या दुकानात जाऊन बसला नि मजकूर सांगू लागला. मिंगेलची लेखणी थांबली. "म्हणजे तूच?"

"लिही. कप्तानाचो काय दोष नव्हतो, तां पण लिही."

पाच महिन्यांनी ते पत्र न उघडताच परत आलं. पाकिटावर क्लबाच्या कारकुनाने खरडलं होतं: 'गेल्या नाताळात नोकरी सोडून गेले. पत्ता माहीत नाही.'

बाबलीने बोटांवर महिने मोजले. वेळेवर लिहिलं असतं, तर साहेबाला मिळालं असतं.

"मिंगेल, कोणाकोणाक सांगलंस रे?"

"काय तां?"

"पत्रातलां."

मिंगेल भट्टीतून पाव काढत होता. त्याने वळूनही पाहिलं नाही. "तां तुझ्या साहेबाचां पत्र. लोकांका कित्याक सांगू?"