गाडी पाटणवरूनच जाणार

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. दिवाळीच्या सुट्टीआधी एका संध्याकाळी आप्पा जेवता जेवता म्हणाले, "औंदा समुद्र बघाय जाऊ. भाड्याची गाडी करू."

आईच्या हातातलं उलथनं तव्यावरच थांबलं. आमच्या घरात असं वाक्य कधी कुणी बोललं नव्हतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, इस्लामपूरजवळच्या साखर कारखान्यात स्टोअरला होते. आमचा प्रवास म्हणजे कुणाचं तरी लग्न नाहीतर कुणाचं तरी बारावं, तेही एसटीनं. समुद्र मी पाहिला नव्हता, आईनंही नाही.

"उसाचं गळीत सुरू व्हायच्या आत जाऊन येऊ," आप्पा म्हणाले. "रस्ता तू काढ. शिकलेली हायस."

हे दुसरं वाक्य मला पहिल्यापेक्षा मोठं वाटलं. घरातलं काहीतरी मी ठरवायचं होतं. कॉलेजच्या ग्रंथालयातून नकाशांचं पुस्तक आणलं, स्टँडवर जाऊन कोकणात जाणाऱ्या एसटीच्या ड्रायव्हरांना विचारलं. मलकापूर, आंबा घाट, रत्नागिरी असा रस्ता मी काढला आणि रात्री आप्पांपुढे मांडला. त्यांनी नकाशाकडे पाहिलंच नाही.

"पाटणवरून जायचं."

दुसऱ्या दिवशी मी गगनबावड्यावरून मालवणचा रस्ता काढला. "पाटणवरून," ते पुन्हा म्हणाले. मग मी कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण आणि तिथून गुहागर असं काढलं. आप्पा खूश झाले. "आता कसं! दुपारचं जेवान पाटणला."

"पण आप्पा, पाटण इथून दोन तासांवर. सकाळी निघालो तर दहाला कोण जेवणार?"

"मग उशिरा निघू."

"उशिरा निघालो तर घाट अंधारात उतरावा लागंल."

"जेवान पाटणला," असं म्हणून त्यांनी पेपर तोंडापुढे धरला.

मला वाटलं, त्यांचा हट्ट असेल. हट्टी होतेच ते.

ठरल्या दिवशी दारात पांढरी ॲम्बॅसिडर आली. आप्पा पुढं बसले, आई आणि मी मागं. माझ्या बाजूचं दार आतून उघडत नव्हतं. ड्रायव्हर म्हणाला, "बाहेरनं उघडाय लागतंय, ताई. मी उघडत जाईन की." मला त्याचं काही वाटलं नाही. काच खाली करून मी वारं खात बसले. आई दशम्यांची पिशवी मांडीवर घेऊन, गाडी वळली की पुढची सीट घट्ट धरत होती आणि हसत होती. तिला एवढं हसताना मी क्वचितच पाहिलेलं.

कराडला आत्ती गाडीत बसली. आत्ती म्हणजे आप्पांची बहीण. ती येणार हे मला माहीत होतं, का येणार ते नव्हतं. बसल्या बसल्या तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हे काय घातलंयस गं? साडी न्हाई नेसलीस?"

"समुद्रावर साडी कशाला?"

आत्ती आईकडं वळली. "वैनी, तुमी सांगितलंच न्हाई व्हय हिला?"

आईचं हसणं गेलं. ती खिडकीबाहेर बघायला लागली. "ह्यांनी सांगू नको म्हटलं," ती म्हणाली.

आप्पा मान न वळवता बोलले, "स्थळ चांगलं हाय. पोरगा धरणावर नोकरीला हाय. नुसतं बघायचं. बघितल्यानं काय अंगाला भोकं पडत न्हाईत."

"मला आधी सांगितलं असतं तर?"

"तू आली असतीस व्हय?"

गाडी पळत होती. कोयनेचं पात्र डाव्या-उजव्या हाताला दिसत होतं, शाळू हातभर आला होता. तोवर रस्ता मी काढला असं मी समजत होते. माझ्या डाव्या हाताला न उघडणारं दार, उजव्या हाताला आत्तीचा खांदा.

पाटणच्या अलीकडच्या गावात, रस्त्याला लागूनच त्यांचं घर होतं. आतल्या खोलीत आत्तीनं मला साडी नेसवली. साडी आईची होती, वांगी रंगाची. दशम्यांच्या खाली घडी घालून ठेवलेली. आईनं स्वतःच्या हातांनी ती भरली होती. मी तिच्याकडं पाहिलं तेव्हा ती खाली वाकून माझ्या निऱ्या सारख्या करत होती.

बाहेर सतरंजीवर माणसं बसली होती. मुलगा स्वतःच्या पायांकडं बघत होता. त्यालाही कुणीतरी आणून बसवल्यासारखाच दिसत होता. त्याच्या चुलत्यानं विचारलं, "काय शिकतीस?"

"केमिस्ट्री."

"म्हंजे च्या झ्याक करत असशील," तो म्हणाला आणि सगळे हसले. आप्पाही हसले. ते हसले नसते तर मी तिथं आणखी बसले असते, असं मला अजून वाटतं.

मी उठून आत गेले. आतून सगळं ऐकू येत होतं. चुलता म्हणाला, "आमाला पोरगी पसंत हाय. आजच सुपारी फोडू. रातच्याला ऱ्हावा. समुद्र काय पळून जातोय व्हय?"

"चालंल की," आप्पा म्हणाले. मग ड्रायव्हरला हाक मारून सामान उतरवायला सांगितलं.

मी परसातून बाहेर पडले. घराला वळसा घालून गाडीपाशी गेले. माझ्याच बाजूचं दार उघडून आत बसले आणि ओढून घेतलं. दुपारच्या उन्हानं सीटचं रेक्झिन तापलं होतं, साडीतूनसुद्धा चटका बसत होता. डिकीतलं सामान काढत असलेला ड्रायव्हर थांबला आणि बाजूला जाऊन उभा राहिला.

थोड्या वेळानं आप्पा आले. ओसरीवर माणसं होती म्हणून त्यांचा आवाज हळू होता. "उतर."

"दार आतनं उघडत न्हाई," मी म्हणाले.

त्यांनी कडीवर हात ठेवला. "माणसं बघाय लागल्यात. उतर म्हणतो ना."

"आज सुपारी फोडणार नाही म्हणा. मग उतरते."

"बापाला अटी घालतीस?"

त्यांचा हात तसाच होता. कडी ओढली असती तर दार उघडलं असतं आणि मला उतरावं लागलं असतं. एवढ्या माणसांदेखत मी त्यांच्याशी झटापट केली नसती, हे त्यांनाही ठाऊक होतं. मी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात पलीकडचं दार उघडल्याचा आवाज आला. आई होती. काखेत दशम्यांची पिशवी. ती आत बसली, पदर सावरला आणि म्हणाली, "आवं, बसा गाडीत. घरी जाऊ."

"तू गप बस," आप्पा म्हणाले.

"गपच हाय की. लगीन झाल्यापास्नं गपच हाय."

एवढंच ती बोलली. आप्पांनी कडीवरचा हात काढला. मग ते ओसरीकडं गेले, हात जोडून काहीतरी बोलले. पोरीला चक्कर आली असं सांगितलं, हे मला पुढं आत्तीकडून कळलं. आत्ती तिथंच राहिली, तिला त्या माणसांची समजूत घालायची होती. आप्पा पुढं येऊन बसले.

"गुहागरला न्हाई जायचं?" ड्रायव्हरनं विचारलं.

"मागं घे."

दशम्या तशाच घरी आल्या आणि आईनं त्या दुसऱ्या दिवशी म्हशीला घातल्या.

त्या घरी माझं लग्न झालं नाही, पण सुटका झाली असं म्हणता येत नाही. कॉलेजला सोडायला आप्पा स्वतः स्टँडवर यायचे, संध्याकाळी न्यायलाही. ग्रंथालय बंद, मैत्रिणींकडे जाणं बंद. आईशी त्यांनी बोलणंच सोडलं. ती ताट वाढायची, ते अर्धं जेवून उठायचे. भाऊबीजेला मामा आईला न्यायला आला, त्याला त्यांनी चहा पाजून एकटंच परत पाठवलं. आई चुलीपुढं बसून राहिली.

एकदा मी तिला विचारलं, "तू का आलीस गाडीत?"

"न्हाई आले असते तर त्यांनी वडून काढली असती तुला," ती म्हणाली. "दोघींना एकदम वडता येत न्हाई."

संक्रांतीनंतर एक दिवस आप्पा माझ्या खोलीच्या दारात उभे राहिले. तोंड अंगणाकडं. "सांगलीची माणसं येणार म्हणत्यात ऐतवारी. चालंल का?"

त्यांनी मला पहिल्यांदाच काही विचारलं होतं. स्वयंपाकघरात आई भाजी चिरत होती, तिची विळी थांबली. 'नाही' म्हणण्याची सोय त्या प्रश्नात नव्हती, हे मला कळत होतं.

"परीक्षा झाल्यावर," मी म्हणाले.

त्यांनी विचारलं, "कवा संपत्या?"

"एप्रिलात."

"बरं," म्हणून ते गेले. विळी पुन्हा चालू झाली.

एप्रिलात शेवटचा पेपर देऊन मी घरी आले, तेव्हा सांगलीची माणसं ओसरीवर बसलेली होती.