फोन परत मागणारा मेसेज

नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत, पण डोंबिवलीतली ती आग मला आजही जशीच्या तशी आठवते.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्यात सहायक निरीक्षक होतो. भर दुपारी एका फ्लॅटच्या बेडरूमला आग लागली. घरात एकटेच असलेले निवृत्त कारकून भाजले. अर्धांगवायूमुळे त्यांना पटकन उठता येत नसे. तिसऱ्या दिवशी ते रुग्णालयात वारले. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद केली. पंचनाम्यात जळालेली गादी, चार्जरची वायर आणि उशीपाशी वितळलेला फोन एवढंच होतं. फोन तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवला.

ते वारल्याच्या दुसऱ्याच दिवशी ठाण्यात निनावी फोन आला. "सुनेला विचारा. भांडून आंबिवलीला माहेरी गेलेली. आगीच्या तासभर आधी इथेच होती."

सुनेला बोलावलं. महिला हवालदार शेजारी होत्या. "मी माहेरीच होते," ती म्हणाली. सोसायटीच्या कॅमेऱ्यात मात्र ती जिना चढताना स्पष्ट दिसत होती. ते दाखवल्यावर म्हणाली, कपडे न्यायला आलेले. पण उतरताना हात रिकामे होते. तिच्या नवऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, ती आणि बाबा रोज फोनवर बोलायचे. भांडण माझ्याशी होतं." खोटं बोलणारा माणूस काहीतरी वाचवत असतो. ही काय वाचवतेय, ते मला कळेना.

आठवड्याभराने अहवाल आला. आग बाहेरून लावलेली नव्हती, फोनच्या बॅटरीतूनच सुरू झाली होती. त्या मॉडेलच्या बॅटऱ्या पेट घेतात म्हणून कंपनी ते फोन परत मागवत होती. मी तिला पुन्हा बोलावलं आणि अहवाल वाचून दाखवला. ती ढसाढसा रडली.

"माझाही तोच फोन होता. मला मेसेज आला, तसा कळव्याच्या दुकानात जाऊन देऊन आले. बाबांना फोन केला, तर म्हणाले, असले मेसेज खोटे असतात. म्हणून स्वतः आले. तरी देईनात."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"नवरा विचारेल ना, हातातून ओढून का नाही नेलास? मीच मला तेच विचारतेय."

"पण ते ऐकत का नव्हते?"

"सोसायटीत पोलीस आलेले. ज्येष्ठ नागरिकांना सांगून गेले, फोनवर काहीही आलं तरी विश्वास ठेवू नका, कुणी कंपनीचं नाव सांगितलं तरी नाही. बाबांनी ते वहीत लिहून ठेवलेलं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुम्हीच होतात ना, साहेब?"

मीच होतो. ऑनलाइन फसवणुकीवर अशी भाषणं मी तेव्हा सोसायट्या-सोसायट्यांत देत होतो. लोक टाळ्या वाजवायचे.

जबाब लिहिताना ते वाक्य घ्यावं की नाही, हे मी वरिष्ठांना विचारलं. ते म्हणाले, "अरे, याची गरज आहे का?" मी तरीही लिहिलं. सुनेविरुद्ध काहीच नव्हतं, प्रकरण अपघात म्हणून बंद झालं. कंपनीबद्दल ग्राहक मंचात जायचा सल्ला मी मुलाला दिला. तो म्हणाला, "साहेब, मग चुकलं कोणाचं?"

नंतरही मी भाषणं दिली. फक्त "विश्वास ठेवू नका" म्हणणं सोडलं. शंका आली तर ठाण्यात या, आपण दोघं मिळून खात्री करू, असं सांगू लागलो. लोक आले, रांगा लागल्या, सहकारी वैतागले. त्यातले किती मेसेज खरे होते हे ओळखताना मीही अनेकदा गोंधळलो. पण माणसाला नुसतं घाबरायला शिकवलं, की तो आपल्या माणसाचंही ऐकेनासा होतो, हे मला त्या सुनेने शिकवलं. आणि तिची माफी मागायला मला निवृत्तीपर्यंत धीर झाला नाही.