शहाताच्या आरोळीचा वारस

आमच्या तांता गावात इस्त्रीवाले ढिगानं आहेत, पण ज्याची आरोळी रेडिओवर लागते असा उस्ता, म्हणजे कारागीर, एकच: शहाता. त्याचं दुकान माझ्या कहवाखान्याला खेटून, म्हणून हे सगळं माझ्या नशिबी आलं.

बेचाळीस वर्षांपूर्वी दौलतबाई शाहीन इथल्या उरुसात गायल्या. ‘वाट बघणाऱ्याच्याच दारी पहाट उतरते’ ही ओळ त्यांनी सहाव्यांदा घेतली आणि शहाता खुर्चीवर चढून ओरडला, “अल्लाह, बाई! पुन्हा एकदा, नबीची आण!” बाई खुदकन हसल्या आणि सातव्यांदा गायल्या. आरोळी, हसू, सातवी ओळ, सगळं टेपवर आलं.

झालं! तेव्हापासून हा गडी त्या ओळीवरच जगायला लागला. यानं सनिय्याला मागणी घातली. तिच्या बापानं तीनदा नकार दिला, तर हा वर्षभर त्यांच्या दारात ठाण मांडून बसला आणि तिला घेऊनच उठला. इथवर ठीक. पण पुढे हा इस्त्री तापायची वाट बघायचा आणि गिऱ्हाइकं कपड्यांची. एका नवरदेवाचा सूट लग्नानंतर तिसऱ्या दिवशी पोचला. तो शिव्या द्यायला लागला, तर यानं त्याला ती ओळ गाऊन दाखवली!

यंदा रेडिओवाल्यांनी जुनी टेप साफ केली. माझ्याच कहवाखान्यात रेडिओवर लागली होती. सहावी ओळ झाली आणि आरोळी गायब! बाई आपल्या उगाचच हसतायत.

“बाईंना वेडं ठरवलं रे मेल्यांनी!” शहाता मटकन खाली बसला. “आणि माझं या जगात दुसरं होतं काय, खलफ?”

आठ दिवस त्याला घास जाईना. शेवटी मीच त्याला कैरोला रेडिओच्या कचेरीत घेऊन गेलो. तिथे रिफ्की नावाचा कारकून होता, कागदाला कागद जोडणारा.

“आरोळी तुमचीच कशावरून? ओरडून दाखवा.”

शहाता असा ओरडला की शेजारच्या खोलीतले चौघे धावत आले. रिफ्कीनं मान हलवली. “जुळत नाही. टेपवरचा माणूस अठ्ठावीसचा आहे, तुम्ही सत्तरचे.”

“अहो, मधे बेचाळीस वर्षं गेली!”

“त्याचा दाखला आणलाय?”

दाखला कुठून आणणार, कपाळ! मग साक्षीला सनिय्याला नेलं. ही बाई जन्मभर दौलतबाईंना ‘माझी सवत’ म्हणत आलेली. टेप लागली की भांडी आपटायची. रिफ्कीनं तिच्या कानांना यंत्र लावलं आणि मूळ टेप सुरू केली. आरोळी आली तशी सनिय्या हुंदके द्यायला लागली.

“तोच हा! माझ्या बापाच्या दारात बसायचा तो. गेला हो बिचारा. कधी गेला, मला कळलंसुद्धा नाही!”

रिफ्कीनं लगेच लिहून घेतलं. “आरोळीचे मूळ मालक मयत.”

“अहो, मी इथे उभा आहे!” शहाता ओरडला.

“तुम्ही मधे बोलू नका. मयताला वारस कोण?”

“मी,” सनिय्या नाक पुसत म्हणाली.

“मग प्रश्नच मिटला. वारसाला आवाज जुळवावा लागत नाही. मृत्यूला एक साक्षीदार द्या.”

सगळे शहाताकडे बघायला लागले. तो माझ्याकडे बघायला लागला.

“कर सही, गाढवा,” मी म्हणालो. “आरोळी हवीय ना?”

त्यानं स्वतःच्या मरणावर सही केली. रिफ्कीनं शिक्का मारला आणि उठून त्याचंच सांत्वन केलं.

पुढच्या शुक्रवारी, दुपारच्या नमाजानंतर, सगळी गल्ली माझ्याकडे लोटली. रेडिओवर निवेदिका म्हणाली, “दिवंगत रसिक शहाता यांच्या पत्नीच्या विनंतीवरून त्यांची आरोळी पूर्ववत करीत आहोत.” सहावी ओळ आली. मग आरोळी, मग बाईंचं हसू, मग सातवी ओळ. लोक टेबलं बडवायला लागले. मग एकदम गप्प झाले, कारण आता अभिनंदन करायचं की मातमपुरसी, कुणालाच सुचेना. मी आपला मयताचा रिवाज पाळला आणि सगळ्यांना बिनसाखरेची कॉफी दिली. माणसं रांगेनं येऊन शहाताचा हात दाबून जायला लागली, आणि तोही मान खाली घालून “अल्लाहची मर्जी” म्हणायला लागला.

माझ्या कहवाखान्याची पायरी कधी न चढलेली सनिय्या काळा पोशाख करून त्याच्या शेजारी बसली होती.

शहातानं डोळे पुसले. “अल्लाह त्याच्यावर दया करो, सनिय्या. काय जीव टाकायचा गाण्यावर!”

“मला काय सांगताय,” ती म्हणाली आणि रडत रडत तिनं त्याचा हात धरला.