भागीतला कॉम्प्युटर

२००७च्या पोळ्याला, वणीला आमच्या घरी, मी आणि माझ्या साळ्यानं तीन-तीन हजार टाकून जुना कॉम्प्युटर घेतला. साक्षीला बायको होती. कापसाच्या त्या वाईट वर्षांत दवाखान्यांत गर्दी असे आणि रुग्णांचे जुने कागद सापडत नसत. नोंदी ठेवणारी, कुणालाही फुकट वापरता येणारी एक मोठी संगणक प्रणाली होती, पण ती लिनक्सवर, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीवर, बसवायला आठवडा जाई. एक ओळ टाइप केली की बसेल असा तिचा तयार गठ्ठा, म्हणजे पॅकेज, आम्ही दोघं वेगवेगळं तयार करत होतो. लिनक्सवाले तपासून त्यातलं एकच घेणार होते आणि पॅकेज सांभाळणारा म्हणून त्यांच्या यादीत नाव एकाचंच लागणार होतं. ते माझं लागावं, म्हणून मी साळ्याला कॉम्प्युटरला हात लावू दिला नाही. तो बिचारा नेट कॅफेत जाऊन सीडीवरून लिनक्स चालवी.

माझं पॅकेज तपासणाऱ्यांच्या मशीनवर चाललंच नाही, परत आलं. त्याला लागणारी एक फाइल मी कधीतरी हातानं टाकली होती, ती फक्त आमच्याच मशीनवर होती. साळ्याचं पास झालं, कारण त्याला रोज कोऱ्या लिनक्सवरच काम करावं लागलं होतं.

"भाऊजी, तुमी कॉम्प्युटर दाबून ठेवला म्हून जमलं मले!"

बायको खळखळून हसली. पडद्यावरचं भावाचं नाव तिनं तीनदा वाचलं. माझ्या कामाकडे तिनं कधी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

"तुझा हिस्सा घे," मी म्हणालो.

"कायले, भाऊजी?"

"मशीन तरी पूर्ण माझी असू दे."

साळ्याच्या वापराचा एक रुपयाही न कापता मी त्याला तीन हजार दिले.